कोकणातलं घर, घाम आणि लाईट बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी तालुक्यात घरांची वायरिंग, पंखे आणि एसी फिटिंगची कामं करतो. काम एक दिवसाचं असतं पण लोकांचे प्रश्न दोन दिवसांचे असतात, आणि फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळे एकदाच नीट लिहून काढतोय. एसी लावणं हा माझा धंदा आहे, तरी आधीच सांगतो, माझ्या मते आपल्याकडे एसी सगळ्यात शेवटी यावा. आधी ऊन अडवायचं, मग वारा खेळवायचा, आणि मग उरेल तेवढ्यापुरती मशीन.

आमच्याकडे पारा ३३ला असतो, नागपूरला ४४. मग आम्हालाच जीव नकोसा का होतो?

कारण आपलं शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम येऊन काही होत नाही. ओलं फडकं वाऱ्यात धरलं की ते गार पडतं ना, आपल्या कातडीचंही तेच आहे. आता नागपूरला ४३ डिग्री आणि हवेत ओलावा १५ टक्के असला तर ते फडकं साधारण २२ डिग्रीपर्यंत उतरतं. आपल्याकडे ३३ डिग्री आणि ७५ टक्के ओलावा धरला तर ते फडकं २९च्या खाली जातच नाही. म्हणजे घाम येतो, पण तो अंगावरच राहतो, बनियन चिकटतं, आणि सावलीत बसूनही बरं वाटत नाही. नागपूरवाल्यांचं ऊन जास्त वाईट आहे यात वाद नाही, पण त्यांना सावली आणि कूलर मिळाला की सुटका होते, आपली होत नाही.

मग कूलर घेऊ का? स्वस्त आहे, बिलही कमी येतं.

नको. कूलर हवेत पाणी सोडून हवा गार करतो, आणि आपल्या हवेत आधीच पाणी भरलेलं आहे. पैसे गेले, वर खोली आणखी दमट झाली, असं होतं. ते पैसे चांगल्या पंख्यात घाला.

"आरामदायक तापमान" म्हणजे नक्की किती डिग्री?

एक आकडा नाही सांगता येत, आणि जो सांगतो तो बहुतेक एसी विकत असतो. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर असतं: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-छताचं तापमान, वाऱ्याचा वेग, ओलावा, अंगावरचे कपडे आणि माणूस काय काम करतोय ते. डेन्मार्कच्या फँगर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली याचं गणित मांडलं आणि जगभरातली एसीची ऑफिसं त्यावर चालली. पण ते गणित बंद खोलीत बसवलेल्या लोकांवरून आलेलं, खिडकी उघडी टाकून लुंगीवर ओटीवर बसणाऱ्या माणसाला ते तसंच्या तसं लागू होत नाही.

आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट युनिव्हर्सिटीने पाच शहरांतल्या ऑफिसांमध्ये बसलेल्या माणसांना विचारून भारतासाठी वेगळं मॉडेल काढलं, २०१४च्या सुमारास. त्याचं सार असं की बाहेर जशी हवा असते तशी माणसाला सवय होते. नैसर्गिक वाऱ्यावर चालणाऱ्या बिल्डिंगसाठी त्यांचं सूत्र आहे, बाहेरचं गेल्या काही दिवसांचं सरासरी तापमान गुणिले ०.५४ आणि त्यात १२.८३ मिळवायचे. मे महिन्यात आपली सरासरी २९ धरली तर उत्तर येतं साडेअठ्ठावीस, आणि त्याच्या सव्वादोन-अडीच डिग्री वर-खाली बहुतेकांना चालतं. म्हणजे जवळजवळ ३१ डिग्रीपर्यंत माणूस कुरकुर न करता बसू शकतो. मी याला एकच जोड देईन, आपल्या दमट हवेत हे पंखा चालू असेल तरच खरं आहे. पंखा बंद केला की २८लाही घाम फुटतो.

स्लॅबचं घर बांधलं, दिवसा ठीक असतं पण रात्री दहाला वरची खोली भट्टी होते. असं का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि आमच्या स्वतःच्या घरातही हेच झालं होतं. जुनं कौलारू पाडून दोन मजली स्लॅब केला, आई-बाबांना वर अटॅच्ड बाथरूमवाली खोली दिली, आणि पहिल्याच मे महिन्यात दोघं चटई घेऊन खाली पडवीत झोपायला आली. बाबा म्हणाले वर पंख्याचा वारा गरम येतो. खरंच येत होता.

होतं काय, चार-पाच इंचाचा काँक्रीटचा स्लॅब सकाळपासून ऊन पीत असतो. ती उष्णता खालपर्यंत झिरपायला काही तास लागतात, म्हणून दुपारी एवढं कळत नाही, आणि नेमकी झोपायच्या वेळेला ती खाली येते. तेव्हा हवा २९ असली तरी छत ३६-३७ असतं आणि ते छत तापलेल्या तव्यासारखं अंगावर उष्णता फेकतं. पंखाही छताजवळची गरम हवाच ओढून खाली ढकलतो. मग लोक एसी लावतात, आणि तो एसी अर्धी रात्र माणसाला नाही, स्लॅबला थंड करत बसतो. बिल येतं ते स्लॅबचं.

उपाय छताच्या वर करायचा, खाली नाही. फॉल्स सीलिंगने थोडं कमी होतं पण ऊन तोपर्यंत आत आलेलं असतं. वरून पांढरा चुना किंवा पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग मारला तर बरंच ऊन परत जातं, फक्त आपल्याकडे एक पावसाळा गेला की त्यावर शेवाळ धरतं आणि पांढऱ्याचं काळं होतं, त्यामुळे दर वर्षी फेब्रुवारीत घासून परत हात द्यावा लागतो. चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, जास्त टिकतात. पण कोकणात माझी पहिली पसंती गच्चीवर पत्र्याच्या शेडला. गळतीही थांबते, कपडे आणि काजू-आमसुलं वाळत घालायला जागा होते आणि स्लॅबवर ऊनच पडत नाही. आमच्याकडे शेड केल्यावर आई-बाबा परत वर झोपायला गेले, एसी न लावता. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेची परवानगी लागते का ते मात्र आधी विचारून घ्या.

शेड केली तरी फरक पडला नाही, असं का?

नव्वद टक्के वेळा कारण एकच, चारी बाजू बंद केलेल्या असतात. पाऊस आत येतो म्हणून लोक शेडच्या बाजूंनाही पत्रे ठोकतात, मग वरचा पत्रा तापतो, आतली हवा तापते आणि स्लॅबवर गरम पेटी बसवल्यासारखं होतं. वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने जायला हवा. पावसाच्या बाजूला जाळी करा, चिऱ्याची नाहीतर सिमेंटची, आणि पत्रा माणूस उभा राहील एवढा उंच घ्या. रंग फिकट घ्या. गडद लाल-निळा दिसायला छान असतो पण ऊन जास्त पितो.

जुनी घरं चिऱ्यामुळे थंड असायची ना? मग चिऱ्याची भिंत बांधली की झालं?

जांभा चिऱ्याबद्दल मला प्रेम आहे, पण सगळं श्रेय त्याला देऊ नका. जाड भिंत उपयोगी पडते जिथे रात्र चांगली गार होते, म्हणजे देशावर, विदर्भात. तिथे भिंत रात्री थंड होते आणि दिवसभर तो गारवा देते. आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात दिवस ३३ आणि रात्र २६-२७, फरकच एवढासा, त्यात भिंत थंड होणार तरी किती. जुनं घर गार असायचं ते वरच्या कौलांमुळे, मधल्या माळ्यामुळे आणि चहूबाजूच्या पडवीमुळे. मंगलोरी कौलांच्या फटीतून गरम हवा आपोआप वर निघून जायची, कौल पातळ असल्यामुळे सूर्य बुडाल्यावर तासाभरात निवायचं, माळ्यावरच्या पेंढ्या-लाकडांमुळे कौलांची धग माजघरात उतरायची नाही आणि पडवीमुळे भिंतीला ऊन लागायचंच नाही. नुसता चिरा उचललात आणि वर उघडा स्लॅब टाकलात तर जुन्या घराचा गारवा येणार नाही. दिसेल सुंदर, राहील गरम.

खिडक्या कुठे आणि केवढ्या ठेवायच्या?

शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. म्हणजे पश्चिमेला आणि पूर्वेला दोन्हीकडे उघडझाप हवी, आणि वारा आत आला तर त्याला बाहेर जायला वाटही हवी, नाहीतर तो आत येतच नाही. एकाच भिंतीला मोठ्ठी खिडकी ठेवण्यापेक्षा समोरासमोर दोन लहान बऱ्या. केंद्र सरकारच्या २०१८च्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांतली वीज वाचवण्यासाठीच्या बांधकाम नियमांत, आपल्यासारख्या उष्ण-दमट भागासाठी उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या १६.६६ टक्के तरी असावं असं दिलंय, म्हणजे सहाव्या हिश्शाएवढं. १२० फुटांची खोली असेल तर २० फूट उघडं.

आणि इथेच सगळे फसतात, कारण हल्ली सगळीकडे अॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी. चार फुटांची खिडकी दिसते पण उघडते दोनच फूट, त्यावर मच्छरजाळी, म्हणजे वारा त्याहून कमी. जुन्या लाकडी झडपा पूर्ण उघडायच्या. शक्य असेल तर दोन पल्ल्यांची उघडणारी खिडकी घ्या, मी स्लायडिंगच्या विरुद्ध कायम बोलत आलोय आणि बोलणार.

पश्चिमेचं ऊन ही दुसरी डोकेदुखी. वारा तिकडूनच हवा आणि ऊनही तिकडूनच येतं. चार वाजताचं ऊन तिरकं असतं, छज्ज्याखालून थेट पलंगावर येतं, त्यामुळे दीड फुटाचा छज्जा तिथे पुरत नाही. बाहेरून बांबूचा पडदा किंवा नारळाचे झाप लावा, किंवा तिकडे पडवीच काढा. आतला पडदा कितीही जाड असला तरी काचेतून उष्णता आत आलेली असते. झाड लावायचं तर सुपारी-नारळाचं, त्याच्या बुंध्याने वारा अडत नाही हे चांगलं, पण छपरापासून लांब लावा, वादळात काय होतं ते आपण बघितलंय.

अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रत्नागिरी साधारण १७ अक्षांशावर आहे, त्यामुळे ८ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी तो उत्तरेला असतो. म्हणजे मेच्या शेवटी उत्तरेच्या भिंतीलाही ऊन लागतं. उत्तरेला छज्जा नको म्हणणाऱ्यांना हे सांगा.

खिडक्या दिवसभर उघड्याच ठेवायच्या का?

बहुतेक दिवस हो. फक्त मार्चच्या आसपास कधीकधी पूर्वेचा गरम कोरडा वारा सुटतो, पारा ३७-३८ला जातो, दुपारपर्यंत खारा वारा येतच नाही. त्या दिवशी अकरा ते चार खिडक्या बंद, पडदे ओढून घ्या आणि संध्याकाळी सगळं उघडा.

पंख्याने तापमान कमी होतं का? आणि बीएलडीसी पंखा खरंच परवडतो?

पंखा हवा थंड करत नाही, माणसाला थंड करतो. अंगावर नीट वारा लागला की दोन-तीन डिग्री कमी असल्यासारखं वाटतं. म्हणून रिकाम्या खोलीत चालू ठेवलेला पंखा म्हणजे फुकटचं बिल.

परवडतो का त्याचा हिशोब सोपा आहे. साधा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, ३०च्या आसपास. दिवसाला बारा तास चालवलात तर एका पंख्यामागे रोज अर्ध्या युनिटहून थोडं जास्त वाचतं. घरात पाच पंखे असतील तर महिन्याला ८० युनिट. महावितरणच्या दराचे टप्पे १०० युनिट, मग ३००, मग ५०० असे चढत जातात आणि प्रत्येक टप्प्यावर दर वाढतो, त्यामुळे हे ८० युनिट तुमचे सगळ्यात महाग युनिट असतात. २०२३ पासून सीलिंग पंख्याला स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या. जुन्या पंख्याला मात्र आधी कपॅसिटर बदलून बघा. मालवणकडच्या एका काकींनी फोन करून सांगितलं, "पंख्याचो वारोच लागना नाय," गेलो तर स्वस्तातला कपॅसिटर गेलेला, आणि काकी दुकानातून एसीचं कोटेशन घेऊन आलेल्या.

एसी घ्यायचाच आहे. किती टनाचा?

लोकांना वाटतं मोठा घेतला की लवकर थंड आणि निवांत. कोरड्या गावात कदाचित चालेल. आपल्याकडे एसीची बरीच मेहनत हवेतलं पाणी काढण्याची असते आणि त्याला वेळ लागतो. एसी गरजेपेक्षा मोठा असला की पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, पाणी निघतच नाही, मग खोली थंड पण ओलसर, गुहेत बसल्यासारखी. सुरुवातीच्या काळात मीही एका घरात छोट्या खोलीला दोन टनाचा लावून दिला होता, मालकाने आग्रह केला आणि मी अडवलं नाही, त्याची चुटपुट अजून आहे, कारण त्या खोलीत त्यांच्या मुलाला सर्दी हटेना. दहा बाय बाराच्या खोलीला, वर ऊन नसेल तर, एक टन पुष्कळ झाला. वर उघडा स्लॅब असेल तर दीड टन लागेल, पण मग आधी स्लॅबचं बघा, नाहीतर वरच्या अर्ध्या टनाचे पैसे स्लॅब थंड करण्यातच जातील. इन्व्हर्टर एसी घ्या, तो हळू हळू चालत राहतो आणि ओलावा नीट काढतो.

रिमोट १८ला ठेवला की लवकर थंड होतं ना?

नाही होत. १८ला ठेवलं म्हणजे एसी जास्त जोरात चालतो असं नाही, जास्त वेळ चालतो. नवे एसी १ जानेवारी २०२० पासून चालू केल्यावर २४लाच यावेत असा नियम आहे, आणि सरकारी अंदाजच सांगतो की एक डिग्री वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. माझा सल्ला २६ आणि वर पंखा हळू. सुरुवातीचे तीन दिवस तक्रार येईल, चौथ्या दिवशी पांघरूण घेतलेलं दिसेल.

पावसाळ्यात तर गरम नसतं, तरी कपाटाला बुरशी आणि अंथरूण ओलं. काय करू?

जुलैत तापमान २६-२७ पण ओलावा नव्वदला. इथे थंडावा नको असतो, कोरडेपणा हवा असतो. एसी असेल तर ड्राय मोडवर संध्याकाळी तासभर लावा, खिडक्या बंद करून. खोली २०ला नेऊ नका, कारण बाहेर ३० डिग्री आणि ८५ टक्के ओलावा असेल तर २७ डिग्रीच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. म्हणून एसीच्या खोलीच्या काचेला बाहेरून घाम येतो, शेजारच्या खोलीतली भिंत ओलावते, आणि सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की सगळा दमटपणा थंड भिंतीवर बसतो. बुरशी तिथूनच धरते. पूर्वी कपाटात बल्ब लावून ठेवायचे ते बरोबर होतं, पण तो जुना पिवळा बल्ब होता, उष्णता द्यायचा. आता एलईडी लावून काही होत नाही. कपाट भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा, त्यानेही फरक पडतो.

समुद्र जवळ आहे, बाहेरचं युनिट दोन-तीन वर्षांत सडतं.

कारण खारी हवा. तांब्याची कोटिंगवाली कॉइल घ्या, युनिट थेट दर्याच्या तोंडावर नको, आडोशाला पण हवा खेळेल असं, आणि पावसाआधी-पावसानंतर लाईट बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. मिठाने जाम झालेली कॉइल बिलही वाढवते.

होमस्टे आहे. पाहुण्यांना एसी हवाच असतो, बिल कसं आवरू?

पाहुणे पुण्या-मुंबईहून येतात, दिवसभर किनाऱ्यावर तापून येतात, त्यांना एसी नाही म्हणू नका. पण खोलीला पडवी ठेवा, तिथे खाट नाहीतर झोपाळा आणि पंखा, लोक संध्याकाळी आपोआप बाहेर बसतात. दार-खिडकी उघडली की एसी बंद होईल असा सेन्सर मिळतो, तो जरूर बसवा, कारण एसी चालू ठेवून दार उघडं टाकून जाणं हे सगळीकडचं दुखणं आहे.

घरात आजी आणि तान्हं बाळ आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही?

म्हाताऱ्या माणसांना तहान कमी कळते आणि घामही कमी येतो, त्यामुळे "मला नाही गरम होत" या बोलण्यावर जाऊ नका. इथे बिल बघायचं नाही. दमट उकाड्याच्या रात्री त्यांच्या खोलीत एसी २६-२७ला खुशाल लावा, झोत अंगावर थेट नको. वाचवायचं ते इतर खोल्यांत वाचवा.

सोलर बसवला की मग एसी कितीही चालवता येतो ना?

सोलर चांगलाच आहे. पीएम सूर्य घर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार अनुदान आहे, आणि पॅनलची सावली स्लॅबवर पडते तो फायदा वेगळा. पण एसी चालतो रात्री आणि पॅनल चालतात दिवसा, आणि पावसाळ्यात तर कमीच. नेट मीटरिंगने, म्हणजे दिवसाची जास्तीची वीज महावितरणला देऊन ती आपल्या वापरातून वळती करून, हिशोब जुळतो, तरी आधी गरज कमी करा आणि मग पॅनल मोजा, म्हणजे पाचऐवजी तीन किलोवॅटमध्ये भागेल. पॅनलची फिटिंग मात्र वादळी वाऱ्याला टिकेल अशी करून घ्या.

जुनं कौलारू घर आहे, पाडून स्लॅब करावा का? सगळे तेच करतायत.

कौलं दर वर्षी चाळावी लागतात, वाशांना वाळवी लागते, माकडं कौलं फोडतात, चाळणारी माणसं मिळत नाहीत, हे सगळं मला माहीत आहे. त्यामुळे पाडणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात होती. छपरं उडाली ती पत्र्याचीही आणि कौलांचीही, तिथे स्लॅबवाले वाचले हे मान्य करायलाच हवं. मात्र नंतर ज्यांचं घर वाऱ्यावर चालणारं होतं ते लाईट नसताना झोपू शकले, आणि ज्यांचं घर एसीवर अवलंबून होतं ते अंगणात बसून रात्री काढत होते.

म्हणून मी सांगतो ते मधलं. मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब घाला, वादळात घरच्यांना एकत्र बसता येईल एवढा, आणि त्यावर शेड. पुढचं माजघर, ओटी, पडवी कौलारूच ठेवा, वासे सागाचे परवडत नसतील तर लोखंडी पाइपचे करा, वर तीच जुनी कौलं धुऊन लावा. पाडायचंच ठरलं असेल तर कौलं विकू नका. पडवीला लागतील.